एकात्मतेचा सामना

आमच्या चाळीत रेडिओ एकच होता, आणि तो ज्याच्याकडे होता त्याच्या दुकानातून मीठसुद्धा आणायचं नाही असं चाळीनं ठरवलं होतं. त्रिभुवनभाईंचं ते किराण्याचं दुकान चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून. लालबागला तेव्हा बहुतेक चाळींखाली असं एखादं दुकान असायचंच, आणि ते बहुतेक काठेवाडी माणसाचंच असायचं. मुंबई कुणाची यावरून शहर पेटलेलं, द्विभाषिक राज्याचा घोळ चाललेला, आणि अशात एका दुपारी आमचा बाबू पोलिसांच्या गोळीनं गेला. बाबू आमच्या टीमचा विकेटकीपर. वय अठरा. मोर्चा बघायला म्हणून नाक्यावर उभा होता, मोर्चात नव्हता. गोळी मानेतून गेली. त्याच्या बाराव्याला जेवायला जमलेल्या माणसांनी पानावरून उठता उठता बहिष्काराचं ठरवून टाकलं. गोळी झाडणारा शिपाई कोणत्या भाषेचा होता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पण शिपाई कुठे राहतो तेही माहीत नव्हतं, आणि त्रिभुवनभाई खालीच राहत होते.

मग कसोटी सामना सुरू झाला आणि पंचाईत झाली. दर सामन्याला त्रिभुवनभाई रेडिओ दुकानाच्या फळीवर आणून ठेवायचे आणि अख्खी चाळ तिथे लोटायची. आता दुकानासमोर उभं राहायचं नाही म्हटल्यावर आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. ट्रामच्या आणि हातगाड्यांच्या आवाजात काही ऐकू येईना. त्रिभुवनभाईंनी एकदा आमच्याकडे बघितलं, रेडिओचं तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि आवाज वाढवला. इंग्रजी कॉमेंटरी त्या गर्दीत फार तर चौघांना कळत असेल, बाकीचे आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचे. आपला माणूस बाद झाला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकच ‘अरेरे’ निघायचं. चौकार गेला की इकडे आम्ही टाळ्या पिटायचो आणि तिकडे त्रिभुवनभाई एकटेच. देश एक आहे म्हणजे नेमकं काय, ते मी डोळ्यांनी बघितलं ते तेवढंच. मधे वीस पावलांचा रस्ता होता आणि तो कुणी ओलांडत नव्हतं. खेळ थांबला की रेडिओ आत जायचा आणि आम्ही पिशव्या घेऊन चिंचपोकळीच्या दुकानातून तेल आणायला जायचो.

जसू हा त्रिभुवनभाईंचा मुलगा. आमच्यात चार महिन्यांचं अंतर, मॅट्रिकला दोघं एकदमच बसलो. आमच्या मजल्यावरचा पॅसेज हे आमचं पहिलं मैदान. एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला जिन्याचा कठडा, कपडे धुण्याचं धोपाटणं ही बॅट, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी बाई दारात येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पॅसेजमध्ये आडव्या काठ्यांवर लुगडी वाळत घातलेली असायची. त्यामुळे चेंडू कुठे गेला हे धावणाऱ्याला दिसायचंच नाही. ज्याला दिसतंय त्यानं ‘ये’ म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्यानं ओल्या लुगड्यांत डोकं खुपसून निघायचं, असा आमचा रिवाज. तो आम्ही कुणी ठरवला नव्हता, त्या जागेनंच ठरवला होता. पुढे आम्ही परळच्या मैदानावर खऱ्या बॅटीनं खेळायला लागलो, बाकीच्यांची ती खोड गेली, जसूची गेली नाही. मी ‘ये’ म्हटलं की तो मान खाली घालून सुटायचा. चेंडूकडे बघायचा नाही, माझ्याकडेही बघायचा नाही. बाबू म्हणायचा, “दत्ता, ह्याला उद्या चौपाटीवर नेऊन समुद्रातून हाक मार. तिकडे पण येईल बघ.”

खेळायला मी बरा होतो. जसू चांगला होता. बऱ्या माणसाला रोज चांगल्याबरोबर खेळावं लागलं की त्याच्या आत काय काय साचत जातं, ते चांगल्याला कधी कळत नाही, कारण तो आपला खेळत असतो. जसूच्या बॅटीवर चेंडू उशिरा यायचा असं वाटायचं. सगळ्यांना घाई, त्याला नाही. आम्ही चेंडू मारायचो आणि तो चेंडूला वाट दाखवायचा. त्याला स्वतःला यात काही विशेष वाटायचं नाही, आणि तेच मला सर्वांत जास्त खुपायचं. हे मी तेव्हा मान्य केलं नसतं. आता पंचाहत्तरी उलटल्यावर मान्य करायला काही जात नाही.

आमचं घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, तीत सहा माणसं. वडील गिरणीत साचेखात्यात, मागांच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलायचे. आई मालवणकडची. मुंबईत वीस वर्षं काढूनही तिनं आपली भाषा सोडली नव्हती. ती चुलीवर घावणे घालायला बसली की त्या वासानं जसू दारात हजर. पहिला घावणा त्याचा, हे ठरलेलं. त्याची आई, बा, आमच्याकडे पाण्याचा घोटही घ्यायची नाही, पण पोरगा वर जाऊन काय खातो हे कधी विचारायची नाही. मी त्यांच्याकडे गेलो की बा मला ठेपला द्यायची, वर कैरीचा छुंदा घालून, पण तो वरून सोडायची, हाताला हात लागू न देता. पाणीही वरून, ओंजळीत. आम्ही मासे खाणारे ना. जसू आणि मी त्यावर हसायचो. मी मुद्दाम ओंजळ उंच धरायचो आणि बा मागे सरायची. बाबू गेल्यावर मला ती ओंजळ आठवायला लागली. इतकी वर्षं ज्याचा अपमान वाटला नव्हता त्याचा आता वाटायला लागला, आणि खोटं कशाला सांगू, तो वाटून घेण्यात मला एक प्रकारचं सुखही होतं. आईला बहिष्कार मुळीच पसंत नव्हता. “बाबूक काय त्या त्रिभुवनान मारल्यान?” ती वडिलांना ओरडून विचारायची. वडील ऐकू न आल्यासारखं करायचे.

अशा दिवसांत आमच्या भागाच्या पुढाऱ्यांना एकात्मतेचा सामना सुचला. सरकारी पक्षाचे ते. त्यांनी सभा घेतली की चपला यायच्या, म्हणून बिचाऱ्यांनी क्रिकेटचा आडोसा घेतला. क्रिकेटच्या मैदानावर चपला फेकल्या तर खेळ थांबेल आणि लोकांनाच नको होईल, असा हिशेब. एका कापडवाल्या शेठजींनी मांडव आणि कप दिला. हँडबिलं निघाली: मराठी आणि गुजराती तरुणांचे मिश्र संघ, परळच्या मैदानावर, रविवारी सकाळी, मथळा ‘आपण सारे एक’. नियम आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी केले, पंच म्हणूनही तेच उभे राहणार होते. त्यांनी असं ठरवलं की खेळपट्टीवर कायम एक मराठी आणि एक गुजराती अशीच जोडी राहील. एक बाद झाला की त्याच्याच भाषेचा दुसरा आत येईल. “दोन भाषा हातात हात घालून धावताना दिसल्या पाहिजेत,” असं हेडमास्तर म्हणाले. सज्जन माणूस होता. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला धावबाद केलं नसावं.

बाबूचा मोठा भाऊ मोहनदादा. गिरणीत कामाला होता, गोलंदाजी करायचा, आणि बाबू गेल्यापासून फारसा बोलत नव्हता. त्यानं आम्हा मराठी पोरांना सामन्याच्या आदल्या दुपारी व्यायामशाळेत बोलावलं. किटची पिशवी मधे पडलेली, तिच्यातून बाबूचे ग्लोव्हज अर्धे बाहेर आलेले, ते कुणी आत ढकलत नव्हतं.

“मारामारी कुणी करायची नाय,” मोहनदादा म्हणाला. “मारामारी झाली की पेपरात छापून येणार, बघा लालबागचे गुंड. नियमात राहून करायचं. जोड्या त्यांनीच लावून दिल्यात ना? मग आपल्या जोडीदाराला आपणच धावबाद करायचा. एकेकाला. बसू दे पुढाऱ्यांना मांडवात, बघू दे त्यांची एकात्मता.”

सगळे हसले. मोहनदादा हसला नाही. मग रघू म्हणाला, “आणि जसू? तो तर आपलाच आहे.”

“जसू गुजराती नाय काय?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण जसू आणि मी एकाच संघात होतो आणि माझ्या हाकेला तो हमखास पळायचा. मोहनदादानं माझं नाव घेतलं, फक्त नाव. मी “हो” म्हणालो. स्वतःला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर म्हणालो.

मोहनदादाला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. त्या सामन्याला दादरच्या एका क्लबचे सेक्रेटरी येणार होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांनी जसूला शाळेच्या सामन्यात एकदा बघितलं होतं आणि आता मॅटिंगवर, मोठ्या माणसांच्या गोलंदाजीसमोर बघायचं होतं. क्लबात त्या मोसमाला एकच जागा होती. इकडे त्रिभुवनभाईंचं मुंबई सोडायचं ठरत आलं होतं. दुकानाच्या फळ्यांवर दोनदा दगड पडले होते, राजकोटच्या भावाचं रोज बोलावणं होतं. जसूनं बापाकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की नानांनी घेतलं तर तो एकटा माटुंग्याला मामाकडे राहील, कॉलेजचंही नानाच बघतील. नाही घेतलं तर सगळ्यांबरोबर राजकोट, काकांचं दुकान, आणि क्रिकेट संपलं. हे त्यानं आणखी कुणाला नाही, मला सांगितलं होतं. वर म्हणाला होता, “मी नानांना तुझं पण नाव सांगितलंय. नीट खेळ हां. दोघांना पण घेतील, काय सांगता येतं?”

रविवारी सकाळी मॅटिंग अंथरून खिळे ठोकले, नारळ फुटला, आणि पुढाऱ्यांनी भाषण केलं. अकरा बोटांची मिळून एक मूठ होते, असं काहीतरी ते म्हणाले आणि लोक बोटं मोजून हसायला लागले. गर्दी अफाट. गिरण्यांना सुट्टी, चाळीच्या चाळी उठून आलेल्या. आमचा संघ आधी क्षेत्ररक्षणाला उतरला. समोरच्या संघाचा पहिला गुजराती पोरगा धावबाद झाला तेव्हा लोक हळहळले. दुसरा झाला तेव्हा एकमेकांकडे बघायला लागले. तिसरा, चष्मेवाला, अर्ध्या खेळपट्टीवर एकटाच उभा राहिला, त्याचा मराठी जोडीदार पाठ फिरवून बुटाची नाडी बांधत होता. तेव्हा गर्दीला कळलं. कुणीतरी ओरडलं, “आपण सारे एक!” आणि सगळं मैदान हसत सुटलं. त्यानंतर दर धावबादला हीच आरोळी. पोरं वाट बघायला लागली. पुढाऱ्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, लोक आनंदात आहेत एवढं बघून ते दर वेळी टाळ्या वाजवत होते. शेठजींना कळत होतं. ते हातातल्या सोड्याच्या बाटलीकडे बघत बसले होते. हेडमास्तरांचं बोट दर वेळी थोडं कमी वर जायचं, पण जायचं, कारण नियमाप्रमाणे सगळे बादच होते.

मधल्या सुट्टीत गुजराती मंडळी आपल्या पोरांना घेऊन निघाली होती. पुढाऱ्यांनी त्यांना खिलाडूपणाचं महत्त्व सांगून थांबवलं. त्रिभुवनभाई येऊन जसूला म्हणाले, “चल घरे.” जसू पॅड बांधत होता. तो म्हणाला, “बापूजी, दत्ता छे ने.” मी तिथेच उभा होतो. त्रिभुवनभाईंनी माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि मग मांडवापासून लांब, बांबूच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले. नाना पलीकडच्या अंगाला होते, डोक्यावर काळी टोपी, हातात मिटलेली छत्री.

आमच्याकडून सलामीला रघू आणि कांती आत गेले. कांती म्हणजे जसूचा आतेभाऊ. दुसऱ्याच षटकात रघूनं त्याला धावबाद करून संपवलं. मैदान ओरडलं. कांती परत येत होता, जसू आत जात होता, माझ्यासमोरच दोघं थांबले. कांती म्हणाला, “जसू, कोईना कॉल पर दोडतो नहीं.” जसूनं ऐकलं. रघूबरोबर तो एकही धाव पळाला नाही. रघू ‘ये ये’ करत राहिला आणि हा मान हलवत जागचा हलला नाही. तेवढ्यात दोन चौकार मारले, पळायला लागू नये म्हणून मारल्यासारखे. मग रघूचा त्रिफळा उडाला आणि मी आत गेलो. मला बघून जसू हसला. “आलास एकदाचा,” तो म्हणाला. “आता धावता तरी येईल.”

मग तासभर आम्ही धावलो. पॅसेजमध्ये धावायचो तसेच. मी ‘ये’ म्हणत होतो, तो येत होता, एकदाही वर न बघता. समोरच्या संघाचा गोलंदाज मोहनदादा. त्याचा चेंडू मॅटवरून छातीपर्यंत उसळत होता, आणि जसू चवड्यांवर उभा राहून तो खाली दाबत होता, गॅपमधून काढत होता. अर्धं मैदान शिव्या घालायचं विसरून गेलं. एका कव्हर ड्राइव्हला तर आमच्याच चाळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग वाजवल्या म्हणून ओशाळले. मी त्या तासात काहीच ठरवलं नव्हतं. जसूला खेळू द्यावं असंही नाही आणि मारावं असंही नाही. धावा होत होत्या, माझ्याही होत होत्या, आणि जोपर्यंत होत होत्या तोपर्यंत मी चांगला माणूस होतो. मोहनदादा एकदा रनअपला परत जाताना माझ्याजवळ थांबला. हळू म्हणाला, “बाबूला विसरलास काय रे?”

त्याच्या पुढच्या षटकात जसूनं त्याला पायांवरून एक चौकार मारला. मी सहज नानांकडे बघितलं. त्यांनी छत्री बगलेत धरली, खिशातून कागद काढला आणि काहीतरी लिहिलं. मग पुन्हा जसूकडे बघून स्वतःशीच मान हलवली. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी तेव्हा त्याच मैदानावर, त्याच उन्हात, जवळजवळ तेवढ्याच धावा करून उभा होतो.

बाबूसाठी केलं असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. त्यात बाबूचा काही संबंध नव्हता.

मोहनदादा पुन्हा गोलंदाजीला आला तेव्हा मी समोर होतो. त्याचा तिसरा चेंडू मी कव्हरला ढकलला. सरळ माणसाच्या हातात. तिथे धाव नव्हती. नव्हती म्हणूनच मी ओरडलो, “ये!” इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ‘ये’ म्हटलं नव्हतं. जसू सुटला, मान खाली, बॅट पुढे. मी बॅट क्रीजमध्ये टेकवून उभा राहिलो. तो माझ्याजवळ पोचला, त्याची बॅट रेषेच्या आत घासत आली, त्यानं हसतच मान वर केली, धाव झाली असं समजून. आणि मी तिथेच. एकाच क्रीजमध्ये आम्ही दोघं, मधे एका हाताचं अंतर. पलीकडे मोहनदादाच्या हातात चेंडू आलेला होता. त्यानं घाई केली नाही. मांडवाकडे एकदा बघितलं आणि चेंडूनं बेल्स अगदी अलगद पाडल्या, देवावरचं फूल काढावं तशा.

“तू इथेच?” जसू म्हणाला.

“हात केला होता मी. थांब म्हणून. तू बघितलंस कुठे?”

तो माझ्या हाताकडे बघायला लागला. त्याला खरं-खोटं करायला काही जागाच नव्हती, कारण त्यानं खरंच बघितलं नव्हतं. कधीच बघायचा नाही. मैदान आरोळी ठोकत होतं, पुढारी टाळ्या वाजवत होते, हेडमास्तर बोट वर करून जमिनीकडे बघत होते. “सॉरी, दत्ता,” जसू म्हणाला आणि बॅट काखेत घालून चालायला लागला. बाहेर पडेपर्यंत लोक त्याच्या पावलांच्या ठेक्यावर ‘आपण सारे एक’ म्हणत होते. कुंपणाशी त्रिभुवनभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानं तो झटकून टाकला. मी नाबाद राहिलो.

सामना संपल्यावर नाना माझ्याकडे आले. “कॉल कुणाचा होता?”

“माझा. पण नंतर थांब म्हणून हात केला होता.”

“आणि त्यानं पाहिलं नाही?”

“तो बघतच नाही. पहिल्यापासून तसाच आहे.”

हे शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच सर्वांत जास्त उपयोगी पडलं. नानांनी छत्री जमिनीवर टेकवली. “हात सुंदर आहे त्या मुलाचा,” ते म्हणाले. “पण जो जोडीदाराकडे पाहत नाही तो स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही मारतो. असा मुलगा मी संघात कसा घेऊ? तू ये येत्या शनिवारी दादरला.” मोहनदादानं लांबून हे बघितलं, त्याला वाटलं नाना माझं अभिनंदन करताहेत. तो धावत आला, त्यानं मला मिठी मारली आणि बाबू गेल्यानंतर पहिल्यांदा ढसढसा रडला. मीही रडलो. रडायला काही लागत नाही.

त्या रविवारच्या जोरावर मी दादरला गेलो, क्लबाच्या जोरावर बँकेत लागलो, बँकेच्या संघातून सोळा वर्षं खेळलो आणि बँकेच्याच कॉलनीत घर झालं. मोठा खेळाडू झालो नाही. बरा होतो तो बराच राहिलो. निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजांच्या बक्षीस समारंभांना मला पाहुणा म्हणून बोलावतात, आणि मी तिथे क्रिकेट माणसं कशी जोडतं यावर वीस मिनिटं बोलतो. जात, धर्म, भाषा सगळं मैदानाबाहेर राहतं, असं म्हणतो. पोरं टाळ्या वाजवतात. टीव्हीवर सामन्याच्या आधी तोंडावर तिरंगा रंगवलेले लोक दाखवतात तेव्हा नातू म्हणतो, “आजोबा, बघा, सगळा देश एक झालाय.” मी म्हणतो, हो रे. माझ्या कानांत मात्र तेव्हा ते परळचं मैदान ओरडत असतं.

त्या रविवारी संध्याकाळी आईनं मला विचारलं होतं. कुणीतरी तिला सांगितलं असणार. तांदूळ निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, “तां झाला, की तू केलंस?”

“चूक त्याचीच होती,” मी म्हणालो. “बघितलं नाही त्यानं.”

तिनं सूप झटकलं आणि मोरीकडे गेली.

आठच दिवसांत त्रिभुवनभाईंनी दुकान आवरलं. दुपारची वेळ होती, पहिली पाळी अजून सुटायची होती. खाली हातगाडीवर सामान चढत होतं. मी दादरहून, क्लबातल्या माझ्या पहिल्या नेटहून परत आलो होतो, पाय धुऊन पानावर बसणार, एवढ्यात जसू वर आला. दारातच उभा राहिला, आत येईना. आठ दिवसांत आम्ही बोललो नव्हतो. मी टाळत होतो आणि त्याला वाटत होतं की मी रागावलोय.

“दत्ता, मी बघायला पायजे होतं,” तो म्हणाला. “तू हात केलास आणि मी बघितलंच नाही. तुझी पण लय घालवली मी. नानांनी तुला घेतलं ते बरं झालं, नाहीतर माझ्यामुळे तुझं पण गेलं असतं.”

मी पंच्यानं पाय पुसत राहिलो.

“बापूजी म्हणतात तू मुद्दाम केलंस. कांती पण म्हणतो. बा तर काय काय बोलते. मी भांडलो सगळ्यांशी. बापूजींशी तीन दिवस बोललो नाही मी. त्यांना बोललो, दत्ताला ओळखत नाय तुम्ही.” त्यानं दाराची चौकट धरली. “असं मनात ठेवून जायला नको वाटतं रे. एकदा बोल ना, राग नाही म्हणून. माफ केलं म्हणून. मी खाली जाऊन सांगतो त्यांना.”

आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिचा हात थांबला होता. भाताचं झाकण हातात तसंच होतं आणि वाफ तिच्या तोंडावर येत होती, पण ती वळली नाही. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. खाली त्रिभुवनभाई होते, नाना दादरला होते, गाडी सुटायला तीन तास होते. मी मोठ्या मनानं जसूच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे रे,” मी म्हणालो. “होतं असं. केलं माफ.”

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं माझा हात धरून जोरात दाबला, आत येऊन आईच्या पाया पडला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेला. खालून त्याचा आवाज ऐकू आला. बापाला सांगत होता, गुजरातीत, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं, की बघा, मी म्हणत नव्हतो, चूक माझी होती आणि तरी दत्तानं मला माफ केलं. त्रिभुवनभाई काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग हातगाडी हलली.

आईनं माझं ताट वाढलं आणि माझ्यासमोर ठेवून खोलीबाहेर निघून गेली. सकाळपासून नेटमध्ये घाम गाळला होता, भूक लागली होती. मी दोनदा भात घेतला.